डुलीना म्हणजे पाणी

लेखकाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांची सगळी भाषा गेली आणि एक शब्द तेवढा मागे राहिला. तो शब्द म्हणजे ते ज्या गादीवर पडून होते तिचं नाव होतं.

गादीच्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्यानं शिवलेली पट्टी होती. उजव्या कुशीवर वळवलं की ती नेमकी वडिलांच्या डोळ्यांसमोर येई. तिच्यावर लिहिलं होतं ‘डुलीना’. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कुणाच्या तोंडी एखादी शिवी राहते, कुणाच्या एखादं गाणं, एका पेशंटच्या तोंडी नुसतं ‘मंगळवार’ राहिलं होतं. लेखकाच्या वडिलांनी सगळा जन्म शाळेत भूमिती शिकवली होती. निदान ‘त्रिकोण’ राहायला हरकत नव्हती. पण राहिली ती गादी.

“डुलीना,” ते म्हणत, आणि आई पाणी आणी.

“डुलीनाऽऽ,” ते म्हणत, आणि आई त्यांची कूस बदलून देई. दोनदा तुटक म्हणाले तर भांडं. अगदी खालच्या पट्टीत, ओठ न हलवता म्हणाले तर ‘तू जरा इथं बस’. लेखकाला हे सगळे डुलीना सारखेच ऐकू येत. त्यानं एकदा आईला विचारलं, “तुला कसं गं कळतं?”

“जन्मभर नुसतं ‘हूं’ म्हणत होते, तेव्हाही कळायचं,” आई म्हणाली. “आता तर तीन अक्षरं बोलतात.”

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा पक्का समज होता की डुलीना ही कुणी बाई असावी. त्या एकदा आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “फार सोसलंत हो तुम्ही.” आईला वाटलं, आजारपणाबद्दल बोलतायत. ती म्हणाली, “आता सवय झाली. दिवसभर तीच चालू असते.” वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि त्यानंतर काही महिने त्या जिन्यात लेखकाच्या वडिलांच्या खोलीकडे न बघता जात असत.

तर वर्षभरानं वडील गेले आणि लेखकानं कादंबरी लिहिली.

‘लेखक’ हे त्याचं टोपणनाव. इमारतीत आणि ऑफिसात त्याला याच नावानं ओळखत, आणि ज्या सुरात ‘दमेकरी’ म्हणतात त्याच सुरात ते उच्चारत. प्रत्यक्षात तो विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांची मरणं कागदावर पडताळून घरी यायचं आणि संध्याकाळी आपल्या घरातलं एक मरण कागदावर उतरवायचं, हा क्रम दोन वर्षं चालला. बायको म्हणायची, “तुम्हाला छंदसुद्धा ऑफिसातलाच सुचला.” पण आई रोज विचारायची, “कुठवर आले?” म्हणजे वडील. लेखक प्रकरणाचा आकडा सांगे. आईच्या दोन्ही डोळ्यांत पडदा धरत चालला होता आणि पुस्तक हातात आल्यावर आधी वास घेईन, मग तू वाच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आता त्या गादीवर तीच झोपे. मधोमध वडिलांनी केलेला खड्डा होता, त्यात ती बरोबर मावायची.

प्रकाशकानं हस्तलिखित वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“चांगलं आहे. पण हे गादीचं नाव पानापानावर आहे.”

“वडील तेवढंच बोलत होते.”

“मान्य. पण वाचकाला वाटेल, तुम्ही कंपनीकडून फुकट गादी घेतलीत.”

“विकत घेतली होती.”

“आणि कंपनीला वाटेल, तुम्ही बदनामी केलीत. माणूस त्यांच्या गादीवर मरतो, साहेब.”

“माणूस कुठल्या तरी गादीवर मरणारच ना?”

“मग कुठल्या तरी गादीवरच मारा,” प्रकाशक म्हणाला. “नाव कशाला?”

लेखकानं प्रयत्न केला. ‘“एका नामांकित कंपनीची गादी,” बाबा कण्हले आणि आईनं पाणी आणलं.’ हे वाक्य त्यानं स्वतःच दोनदा वाचलं आणि फाडलं. मग त्यानं एक काल्पनिक नाव शोधलं, ‘मऊशा’, आणि आईला ते प्रकरण वाचून दाखवलं. आईनं शांतपणे ऐकलं.

“मऊशा कसं म्हणतील ते? त्यांचा उजवीकडचा ओठ मिटत नव्हता. ‘म’ला ओठ मिटावे लागतात.”

लेखकानं ‘बाळनीज’ सुचवलं.

“‘ब’लाही.”

‘फुलशय्या’ त्यानं सुचवलंच नाही. एका अर्धांगवायूच्या माणसाला उच्चारता येईल असं गादीचं नाव जगात एकच होतं आणि ते आधीच कुणाच्या तरी मालकीचं होतं.

समोरच्या दारात राहणारे गृहस्थ कोर्टात बेलीफ होते. आता निवृत्त झाले होते, पण दार वाजवायची पद्धत तीच राहिली होती. ते म्हणाले, “परवानगी काढा. लेखी. शिक्क्यानिशी. उद्या तुमच्या दारावर समन्स चिकटलं तर मला फार वाईट वाटेल.” वाईट वाटेल म्हणताना त्यांचे डोळे जुन्या आठवणींनी चमकले.

लेखकानं रजा टाकली आणि गादीच्या कंपनीत गेला. गाद्यांच्या कंपनीत वाट बघणाऱ्यांसाठी लोखंडी खुर्च्या होत्या. दुपार झाली तेव्हा त्याला तक्रार विभागात पाठवण्यात आलं.

“माझी तक्रार नाही,” लेखक म्हणाला. “मला तुमचं नाव कादंबरीत वापरायचंय.”

“गादी किती जुनी?” खिडकीतला माणूस म्हणाला.

“वापरायचं म्हणजे, छापायचंय.”

“गादीवर काही छापायचं नसतं. हमी जाते. वापरणारे स्वतः का नाही आले?”

“ते वारले.”

खिडकीतल्या माणसानं संगणकात बघितलं. ‘वारले’साठी रकाना नव्हता, म्हणून त्यानं ‘ग्राहक असमाधानी’ हा पर्याय निवडला. मृत्यूचे दावे तपासणाऱ्या लेखकाला यात चूक काढता येईना. त्याच्या ऑफिसातही याहून बरा रकाना नव्हता.

याचा परिणाम असा झाला की पुढच्या आठवड्यात एक तंत्रज्ञ घरी आला. तंत्रज्ञानं आईला गादीवरून उठवलं, खड्ड्यावर पट्टी आडवी धरली, खोली मोजली आणि मान हलवली.

“सतत आडवं पडल्यानं झालंय. ही गादी रोज आठ तास झोपायला आहे. त्याहून जास्त वापर म्हणजे गैरवापर.”

“त्यांना सांगायचं राहिलं,” आई म्हणाली.

“आता झोपत नाहीत ना तेवढं?”

“नाही. आता ते बंद केलं त्यांनी.”

तंत्रज्ञ समाधानानं सही घेऊन गेला. पण आईकडून ऐकलं म्हणून त्यानं अहवालात ‘कादंबरी’ असा उल्लेख केला आणि तो अहवाल कसा कुणास ठाऊक, मार्केटिंगच्या मॅडमपर्यंत पोचला. लेखकाला फोन आला. या वेळी लोखंडी खुर्ची नव्हती. थंडगार केबिन होती, कॉफी होती आणि समोर लेखकाची मुलगी शोभेल अशा वयाच्या मॅडम होत्या. त्यांनी पहिली तीन प्रकरणं आधीच मागवून वाचली होती.

“सर, मी रडले,” मॅडम म्हणाल्या. आणि त्या खरंच रडल्या होत्या, हीच यातली अवघड गोष्ट. नुसता व्यवहार असता तर लेखक उठून आला असता. पण आजवर त्याचं काही वाचून कुणी रडलं नव्हतं. बायको एकदा हसली होती, पण ती शोकांतिका होती.

“एक माणूस सगळं विसरतो आणि आमचं नाव लक्षात ठेवतो,” मॅडम म्हणाल्या. “सर, हे आम्हाला सुचलंच नसतं. आम्ही परवानगी देऊच. शिवाय प्रत्येक दुकानदाराला तुमचं पुस्तक भेट देऊ. फक्त थोडे बदल.”

थोडे बदल आधी खरंच थोडे होते. वडिलांच्या पाठीला पडलेल्या जखमा काढायच्या. आमच्या गादीवर पाठीला जखमा पडत नाहीत, मॅडम म्हणाल्या, आणि लेखकाला हे ऐकून क्षणभर बरंच वाटलं. मग वास काढायचा. ‘अंथरुणाला खिळले’ऐवजी ‘विश्रांती घेत होते’ लिहायचं. मग गादी नव्या मॉडेलची हवी, जिच्यातून वारा खेळतो. लेखकानं चौथ्या प्रकरणात वारा खेळवला.

“आणि शेवट,” मॅडम म्हणाल्या. “गादीवर नको.”

“मग कुठं?”

“खुर्चीत चालेल. खुर्च्या आम्ही बनवत नाही, त्यामुळे खुर्चीत काहीही चालेल.”

अर्ध्या अंगानं लुळा पडलेला माणूस खुर्चीपर्यंत जाणार कसा, हा प्रश्न होता. त्यासाठी वडिलांना अकराव्या प्रकरणात थोडं बरं वाटायला लागलं. बाराव्यात ते काठी घेऊन उभे राहिले. मरण्यापुरती प्रकृती सुधारणं भागच होतं. तेराव्यात ते खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत, वारा खेळणाऱ्या गादीकडे एक कृतज्ञ कटाक्ष टाकून गेले. प्रत्येक बदल करताना लेखकाचं पेन किंचित अडे. पण आईचे डोळे, दुकानदारांची संख्या आणि मॅडमचं रडणं या तिन्हींचा विचार केला की ते पुढं सरके.

“सर, त्यांचा आवाज आहे का कुठे?” मॅडमनी शेवटच्या भेटीत विचारलं. “फक्त आमच्या माणसांना ऐकवायला. म्हणजे भावना कळेल.”

आवाज होता. शेवटच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी आई औषधं आणायला गेली होती आणि लेखक एकटा वडिलांपाशी होता. वडील एकसारखं डुलीना, डुलीना म्हणत होते. त्यानं पाणी दिलं, ते नको होतं. कूस बदलली, भांडं दिलं, पांघरूण काढलं, परत घातलं. वडिलांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी यायला लागलं. शेवटी आईला ऐकवून अर्थ विचारावा म्हणून त्यानं फोन जवळ धरून ते टिपून घेतलं. आई परत आली तोवर वडिलांना ग्लानी आली होती. मग दोनच दिवसांत विचारायचं कारण उरलं नाही, आणि पुढं विचारायचा धीर उरला नाही. कादंबरीत हा प्रसंग त्यानं घातला नव्हता.

आढेवेढे न घेता त्यानं ते मॅडमना पाठवून दिलं. कॉफी चांगली होती.

छपाईला जायच्या आधी त्यानं आईला सगळी कादंबरी वाचून दाखवली. आई खड्ड्यात उशीला टेकून बसली होती. बायको दारात भाजी निवडत होती. अकरावं प्रकरण संपलं तशी बायको निवडायची थांबली. आई मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“हे कोण?” तिनं विचारलं.

“बाबा.”

“असतील. पाठीच्या जखमा कुठं गेल्या?”

“त्या काढल्या, आई. म्हणजे तांत्रिक कारणासाठी…”

“मी वर्षभर धुतल्या रे,” आई म्हणाली. “दिवसातून दोनदा. माझ्याच्यानं गेल्या नाहीत. तू एका दुपारीत घालवल्यास.” तिनं पांघरूण सारखं केलं. “हुशार आहेस.”

बायको भाजीची परडी उचलून आत गेली. काही टोमणा मारला असता तर लेखकाला बरं वाटलं असतं. तिनं मारला नाही.

त्यानं त्याच आठवड्यात सगळं होतं तसं केलं. जखमा परत आणल्या, वास परत आणला, बाबांना खुर्चीवरून उचलून गादीवर ठेवलं. आणि ताठ मानेनं मॅडमकडे जाऊन सांगितलं, की मला माझे वडील तुमच्या अटींवर नकोत. हे वाक्य त्यानं बसमध्ये घोकून ठेवलं होतं. मॅडमनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“काहीच हरकत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “तसंही आता पुस्तकाची गरज नाही आम्हाला.”

हे वाक्य तो परतीच्या बसमध्ये घोकत राहिला.

मागोमाग कंपनीच्या कायदेवाल्यांचं पत्र आलं. आमचं नाव कोणत्याही मजकुरात, विशेषतः जखमांच्या जवळपास, वापरल्यास परिणामांना तयार राहावं. बेलीफांनी पत्र दिव्याशी धरून बघितलं आणि कागद उत्तम आहे असा निर्वाळा दिला.

प्रकाशकाची पानं लावून झाली होती. तो म्हणाला, “एक करता येईल. माझा माणूस एक बटण दाबून तो शब्द सगळीकडून उडवतो. जागा राहते तिथं टिंबं टाकू. वाचक समजून घेतो.”

वाचकानं समजून घेतलं. सभ्य छापील पुस्तकात अवतरणचिन्हांच्या मध्ये टिंबं आली की तिथं काय असतं, हे मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असतं.

‘“……!” बाबा आईकडे बघून म्हणाले. आई लगबगीनं उठली.’

‘“……, ……,” बाबा म्हणाले, आणि माझा हात घट्ट धरला.’

‘डॉक्टर खोलीत आले. बाबांनी त्यांच्याकडे क्षीण नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, “……”’

ज्या गृहस्थानं वर्गात कधी कुणाला ‘गाढवा’सुद्धा म्हटलं नाही, ‘पुन्हा एकदा बघ, कोन चुकलाय’ यापुढे ज्याचा राग गेला नाही, तो माणूस दोनशे पानं अखंड शिव्या देत मेला. बेलीफ दार वाजवून आत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तीन अक्षरी आहे का हो? मी एक धरून वाचतोय, बरोबर बसते.” वरच्या वहिनी आईजवळ येऊन बसल्या. “आधी ती बाई, वर हे तोंड,” त्या म्हणाल्या. “कसे काढलेत हो दिवस?” वडिलांचा एक जुना विद्यार्थी मुद्दाम भेटायला आला आणि जाताना म्हणाला, “सर असे नव्हते.” ऑफिसात साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत एक पान मोठ्यानं वाचलं, टिंबांच्या जागी टेबल वाजवत. आणि एका तरुण समीक्षकानं लिहिलं की पांढरपेशा बापाच्या दडपलेल्या संतापाचं इतकं निर्भीड दर्शन आपल्याकडे क्वचित झालं आहे. हे एकमेव परीक्षण. लेखकानं ते कापून ठेवलं. का ठेवलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आईनं पुस्तकाचा वास घेतला. मग लेखकानं तिला वाचून दाखवलं, टिंबांच्या जागी डुलीना म्हणत. सगळ्या जगात ती कादंबरी नीट ऐकलेली ती एकटीच.

“पाण्याचा सूर जमला नाही तुला,” ती म्हणाली. “बाकी आहेत ते.”

यावर लेखकानं समाधान मानून घेतलं असतं, आणि ही गोष्टही इथंच संपली असती. पण मॅडमनी पुस्तकाची गरज नाही म्हटलं होतं, आवाजाची नाही असं म्हटलं नव्हतं.

एका संध्याकाळी लेखक, बायको आणि आई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. आई आताशा टीव्ही ऐकायची. बातम्या थांबून जाहिरात लागली. पांढऱ्याशुभ्र खोलीत पांढऱ्याशुभ्र गादीवर एक गुलाबी गालांचा म्हातारा लोळत होता. सगळे दात होते. नातवंडं अंगावर उड्या मारत होती. त्यानं डोळे मिटले, आणि तोंड उघडलं.

“डुलीना…”

नट कसलेला होता. त्यानं ते टिपण शंभरदा ऐकलं असावं. मधला अडखळलेला श्वास, ‘ली’वरची थरथर, ‘ना’चं खाली जाऊन विझणं, सगळं जसंच्या तसं. ओठाचा उजवा कोपरासुद्धा किंचित उघडा. बायकोनं हातातली कपबशी खाली ठेवली.

आई उठली. भिंत धरत धरत बटणापर्यंत गेली आणि तिनं ट्यूबलाइट बंद केली. मग तशीच परत येऊन बसली.

“आई,” लेखक म्हणाला, “दिवा का बंद केलास?”

“त्यांनी सांगितलं ना.”

“काय सांगितलं?”

“दिवा बंद कर म्हणाले. डोळ्यांवर येतोय म्हणाले. हा सूर दिव्याचा.” मग तिच्या लक्षात आलं असावं, की बोलणारा टीव्हीतला आहे. पण तिनं काही दुरुस्त केलं नाही.

लेखकाला ती संध्याकाळ दिसली. पाणी, कूस, भांडं, पांघरूण. आणि वडिलांच्या तोंडावर, बरोबर डोळ्यांवर, पलंगाच्या वरची ट्यूबलाइट. आवाज नीट यावा म्हणून तो फोन घेऊन वाकला होता. वाकून, क्षणभर त्यांच्या डोळ्यांवर सावली धरून, पुन्हा बाजूला झाला होता.

बातम्या पुन्हा लागल्या, पुन्हा थांबल्या. म्हाताऱ्यानं पुन्हा डोळे मिटले.

“डुलीना…”

अंधारात आई चाचपडली. “अजून कुठला राहिलाय?” ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली.

“तू बस,” लेखक म्हणाला.

खोलीत आता एकच उजेड होता, आणि तो त्या पांढऱ्याशुभ्र गादीचा होता. लेखक उठला आणि त्यानं टीव्ही बंद केला.

गुडघ्यावरचा हात काढून आई पुन्हा टेकून बसली. मग म्हणाली, “आता झोपतील.”